गुणवंत सरांचे उपास

गुणवंत सर कुणाला नमस्कार करत नसत. माणूस भेटला की त्याचा हात धरायचे, मनगट जरासं इकडं-तिकडं वळवायचे आणि विचारायचे, "कुठं दुखते?" काही दुखत नसेल तर माणूस उगाच ओशाळायचा. दुखत असेल तर संपलंच, तो सरांच्या ओट्यावर बसायचा आणि त्याची सकाळ तिथंच जायची. एका लग्नात तर स्टेजवर उभ्या नवरदेवाचा हात त्यांनी असा तपासलेला मी पाहिला आहे. नवरदेवही बिचारा म्हणाला, हो, अंगठ्याच्या बुडाशी दुखतं. मोबाइल कमी कर, सर म्हणाले, आता बोलायला घरात माणूस आलं आहे.

अमरावतीला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर, मधे कमरेएवढी भिंत. शाळेत ते आम्हाला पीटी शिकवायचे, त्याआधी आखाड्यात घडलेले. नोकरी संपली, घड्याळ आणि शाल देऊन शाळेनं निरोप दिला, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. भाजी आणायला जातानाही ती छातीवर हलत असायची.

मी आता लोकांच्या हाता-खांद्यांवरच पोट भरते. फिजिओथेरपिस्ट आहे. अकोल्यात लहानसं क्लिनिक आहे, आठवडाभर तिकडे आणि रविवारी अमरावतीला आईकडे. सर मला मशीनवाली म्हणायचे. त्यांना जाऊन आता दुसरा उन्हाळा चालू आहे. रोज कुणीतरी वर न जाणारा खांदा घेऊन समोर बसतं आणि मला सर आठवतात, त्यातही त्यांचं शेवटचं वर्ष. एका कोपरापायी हा माणूस पंगतीतून उठून गेला होता. तो परत येऊन बसतो की नाही, याचा घोर मला वर्षभर लागून होता.

कारण पंगत म्हणजे सरांचा जीव. आमच्या कॉलनीचं दर वर्षी पौषात रोडग्यांचं जेवण असतं, चांदूर रेल्वेच्या रस्त्याला एकाच्या शेतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि डोळ्यांतून पाणी काढणारी वांग्याची भाजी. निखाऱ्यांचा तो जगरा पहाटेपासून सरांच्या ताब्यात. कणीक पुरुषांनी मळायची आणि सर मागं उभे राहून कुणाचं मनगट वाकडं पडतंय ते बघणार. पंगत बसली की पहिली शिट्टी. मग वाढप. आणि शेवटच्या माणसाचा शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही. लहान पोर असो की दात नसलेली आजी, तिचं होईस्तोवर सगळ्यांनी वाळलेले हात घेऊन बसायचं. तिचं झालं की दुसरी शिट्टी, आणि पंगत एकदम उठायची. एकदा एक मोठे साहेब मधूनच उठले, तर सरांनी त्यांना शिट्टी वाजवून खाली बसवलं. साहेब बसले.

कॉलनीत दोन-तीनदा बुफे करायचं निघालं होतं. उभ्यानं घोडे खातेत, असं म्हणून सरांनी ते हाणून पाडलं. पुढं हेच त्यांच्या अंगावर आलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि दुसरा त्यांचा कायदा उजव्या हाताचा. मी जन्माची डावखुरी. शाळेत डब्याच्या सुट्टीत सर रांगेतून फिरायचे आणि माझा डावा हात डब्यात दिसला की माझ्यामागं येऊन उभे राहायचे. मारायचे नाहीत. नुसते उभे. मी घास उजव्या हातात घेईस्तोवर हलायचे नाहीत. लिही डाव्यानं, म्हणायचे, चेंडू फेक डाव्यानं, पण अन्नाले उजवा हात लाव. मी आजही लिहिते डाव्या हातानं आणि जेवते उजव्या.

पण दुसऱ्याच्या दुखण्याशी हा माणूस किती हळू वागायचा ते त्यांच्या बायकोच्या वेळी कॉलनीनं पाहिलं. मालतीकाकूंना साखर होती, त्यात त्यांचा उजवा खांदा धरला. आम्ही त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतो. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, आवळतं, आणि हात वर जात नाही की मागं जात नाही. बाईमाणसाचं सगळं तिथंच अडतं. वेणी घालता येत नाही, ब्लाउजचं हूक लागत नाही. सरांनी काकूंना ओट्यावर बसवलं आणि वेणी घालायला शिकले. भर सकाळी, शाळेत जाणारी पोट्टी समोरून जात असताना, पीटीचे मास्तर तोंडात रिबीन धरून बायकोची वेणी घालताहेत! कुणी हसलं तर त्यालाच बोलवायचे, ये, पेड धर म्हणायचे. मी तेव्हा शिकत होते. मी काकूंना भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दाखवला होता. सर रोज काकूंची बोटं जिथं पोचतील तिथं पेन्सिलीनं खूण करायचे. ओढायचे नाहीत, ढकलायचे नाहीत. आज वर नाही गेला तर उद्या जाईल, म्हणायचे. खुणा हळूहळू वर चढल्या, वर्षभरानं काकूंची वेणी काकूंच्या हाती आली. पुढं काकू गेल्या त्या हृदयानं. खुणा तशाच राहिल्या, सरांनी त्या भिंतीला पुन्हा रंग लावू दिला नाही.

माझ्या आईचं कोपर बाहेरच्या बाजूनं दुखायचं, रोज चादरी पिळून पिळून. त्याला टेनिस एल्बो म्हणतात असं मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मी कधी टेनिस खेळली वं? सरांनी नावागावाची भानगडच ठेवली नाही. बाबांना बोलावून त्यांच्या हातात बादली दिली आणि कपडे आजपासून तुम्ही पिळा म्हणाले. बाबांनी पिळले. मग शेजारच्यांनी पिळले. आमच्या गल्लीत अजूनही रविवारी पुरुष कपडे पिळताना दिसतात, बाहेरचे लोक हसतात.

असा हा माणूस. स्वतःच्या हाताशी मात्र त्यांचं वागणं आखाड्यातलंच राहिलं.

काकू गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीच्या तोंडावर सर स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते. घरात एकटेच. स्टूल धरायला कुणी नव्हतं, आणि हाक मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पडले ते पसरलेल्या उजव्या हातावर. कोपर निखळलं आणि हाडाचा एक टवका उडाला. रिक्षा करून एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कोपर बसवलं, प्लास्टर घातलं, तीन आठवड्यांनी काढलं आणि बजावून सांगितलं की आता आपल्या आपण, दुखणार नाही इतपतच वाकवा. मालिश नाही, ओढाओढ नाही. मीही भिंतीवरून तेच सांगितलं. सरांनी दोघांनाही मान हलवली.

आठवडाभर मी अकोल्यात. रविवारी येऊन बघते तर सर अंगणात उभे, उजव्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली लटकवलेली, कपाळावर घाम, दात आवळलेले. कोपर तेलानं चकचकीत. रोज सकाळी डाव्या हातानं गरम तेल रगडायचे आणि मग बादली धरून उभे राहायचे. आखाड्यात मुरगळलेला हात असाच मोकळा करत. मी ओरडलेच. तर म्हणाले, आधी सरळ होऊ दे पोरी, मंग वाकवतो.

कोपराचं असं आहे, की ते सगळ्या सांध्यांत रुसकं. मार लागल्यावर आत रक्त साचलेलं असतं. त्याला स्वस्थ ठेवलं तर ते विरून जातं. रगडलं, ओढलं, तर कधीकधी स्नायूतच हाड धरायला लागतं. सरांचं तेच झालं. दुसऱ्या एक्स-रेत कोपराच्या पुढं पांढरा ढग आला होता. हात सरळ झाला तो झालाच, वाकायचं विसरला. खिशापर्यंत जायचा, दाराच्या कडीपर्यंत जायचा. तोंडापर्यंत काही येईना.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर थांबू, ते हाड पक्कं झालं की ऑपरेशन करून बघता येईल, पण खात्री देत नाही. सर म्हणाले, एक पोट भराले डावा हात पुरते.

त्या पौषातल्या रोडग्यांना सर आले. जगरा पेटवला, काठीनं निखारे सारखे केले, पहिली शिट्टी दिली. पान मांडायची वेळ आली तर म्हणाले, आज माहा सोमवार आहे. सोमवारच होता, कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या शिट्टीच्या आधीच कुणाच्या तरी गाडीवर बसून घरी गेले. पंगत कशीतरी फुटून-फुटून उठली.

मग बारशाच्या जेवणाला गुरुवार निघाला. गणपतीच्या प्रसादाला शनिवार. एका मंगळवारी वास्तुशांत होती, तर सरांना अंगारकी आठवली, आणि अंगारकी तर नव्हतीच, आईनं कॅलेंडर पाहून सांगितलं. लोक म्हणायला लागले, काकू गेल्यापासून सर फार देवाधर्माला लागले. जो माणूस जन्मात कधी उपाशी राहिला नव्हता त्याच्या वाट्याला रविवार सोडून आठवड्याचे सगळे वार आले होते. ज्या दिवशी आमंत्रण, तो उपासाचा दिवस.

बुफे असता तर डाव्या हातात चमचा धरून कोपऱ्यात उभं राहता आलं असतं, कुणी बघितलंही नसतं. पण बुफे त्यांनीच बंद पाडला होता.

एका रविवारी दुपारी आईनं त्यांच्यासाठी पातोडीची भाजी दिली. दार आतून लावलेलं. मी हाक मारली, कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. हात धुऊन आले होते, पण डाव्या हाताच्या करंगळीला वरणभात तसाच चिकटलेला. मी तो पाहिला आणि मी पाहिला हे त्यांनी पाहिलं. आत भिंतीशी पाट, पाटासमोर अर्धं जेवलेलं ताट. ताट आणि भिंत यांत वीतभरही अंतर नव्हतं. ती काकूंच्या पेन्सिलीच्या खुणांची भिंत होती.

मी म्हटलं, सर, माझ्याकडं रोज असे लोक येतात, डाव्या हातानं जेवतात, त्यात काय एवढं. ते मग म्हणाले, "जिनगीभर पोट्ट्यायच्या मागं उभा राहिलो, उजव्या हातानं जेवा म्हणून. तुह्याही मागं राहिलो. आता त्यायच्यासमोर बसून डावा हात पानात घालू काय? घरात पाहाले कोणी नाही, तरी मी भिंतीकडं तोंड करून जेवतो."

मला रडूच आलं. मी भाजीचा डबा ठेवला आणि निघून आले. येताना माझ्यामागं कडी लागल्याचा आवाज आला, म्हणजे ते पुन्हा जेवायला बसले असणार.

मी हार मानणाऱ्यातली नाही. अकोल्यात एका वेल्डिंगवाल्याकडून मोठ्या दांड्याचा, मान वाकवलेला चमचा बनवून आणला. त्यानं उजव्या हातानंच घास तोंडाशी येतो. सरांनी अंगणात करून पाहिला, येत होता. चमचा उलटासुलटा करून बघत म्हणाले, हे तर फावडं झालं, फावडं घेऊन माणूस पंगतीत बसते काय? दुसऱ्या रविवारी तो तुळशीच्या कुंडीत माती उकरताना दिसला.

दिवाळीत त्यांची मुलगी बंगलोरहून आली. व्हिडिओ कॉलवर सर फोन असा धरायचे की फक्त चेहरा दिसावा, त्यामुळं तिला वाटत होतं हात बरा झाला. चार दिवस सरांनी पोट बरं नसल्याचं सांगितलं आणि तिच्यासमोर नुसता चहा घेतला. चहाला डावा हात चालतो. ती मला भिंतीशी बोलावून म्हणाली, बाबा वाळले गं, डॉक्टरला दाखवशील का? मी तिला सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. ती आत गेली, त्यांच्यासमोर बसली, बंगलोरला चला म्हणाली, तिथं टेबलावर सगळेच काट्या-चमच्यानं खातात. सर म्हणाले, मंग तर मी तिथं कोणाचा कोण? ती गेली त्या दिवशी सर ओट्यावर बराच वेळ बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात त्यांनी धरला नाही.

पुन्हा पौष आला. ग्रुपवर निरोप फिरला, रविवारी रोडगे. सरांनी जगरा सांभाळायचं कबूल केलं. मी मनाशी म्हटलं, आता रविवारचा कोणता उपास काढतात बघू.

आमच्या गल्लीत सुमनकाकू म्हणून आहेत, तोंडानं फटकळ, वयानं सरांच्या बरोबरीच्या. रोडग्यांच्या पंधरा दिवस आधी त्या न्हाणीत घसरल्या आणि हात टेकायला गेल्या, मनगट मोडलं. पडताना माणूस हात टेकतोच, आणि त्या वयात मनगट टिकत नाही. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. शेतात सगळ्यांनी त्यांना सांगितलं, काकू, तुम्हाला घरी डबा पाठवतो. काकू म्हणाल्या, हात मोडला माहा, पोट मोडलं काय? आणि पंगतीत फतकल मारून बसल्या. डाव्या हातानं रोडगा कुस्करायला लागल्या.

सर जगऱ्याशी उभे होते, काठी घेऊन, विझत्या निखाऱ्यांत काही शोधत असल्यासारखे. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. काकूंनी मान वळवून त्यांना हाक मारली.

"गुणवंतराव, इकडं या. माह्याजवळ बसा."

सर म्हणाले, आज माहा उपास आहे.

"कायचा? रविवारचा उपास म्या तं कधी आयकला नाही."

पंगतीत हसू यायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. वर्षभर सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याच्या-त्याच्या मनात हेच की आपण बोललो तर मास्तरांचा मान जाईल.

सर काकूंच्या जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, पण मी वाढायला तिथंच होते, मला ऐकू आलं. "वहिनी, तुमचं प्लास्टर महिन्यानं निघते. माहं जलमाचं आहे."

काकूंनी तोंडातला घास गिळला. "मंग जलमभर उपाशी राहाल काय? मालती असती तर तिनं भरवलं असतं. थे नाही. आता आपल्याच हातानं खा लागते, मंग थो कोणता का असेना."

सरांनी मग काठी बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि काकूंच्या शेजारी बसले. मी पत्रावळ मांडली. त्यांनी उजव्या हातानं रोडगा दाबून धरला आणि डाव्यानं फोडला. पहिला घास वर नेताना डोळे मिटले होते. मी बादली दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्यांच्या पलीकडच्या पानावर बसले. का कोण जाणे, माझा डावा हात आपोआप पानात गेला. सरांनी डोळे उघडले, माझ्या पानाकडं बघितलं आणि म्हणाले, तू उजव्या हातानं. मी हात बदलला.

डाव्या हाताला वर्षभराची सवय झाली होती खरी, पण ती एकट्यानं, भिंतीसमोर जेवायची. लोकांत तो अडखळत होता. रोडगा सांडत होता, वरण पत्रावळीबाहेर चाललं होतं. सुमनकाकूंचं आटोपलं. माझं झालं. एकेक करून सगळ्या पंगतीचं झालं. पोरांचंही झालं. सरांसमोर अजून अर्धा रोडगा होता, वर कुणीतरी तुपाची धार धरून गेलेलं. त्यांनी मान वर केली आणि पाहिलं. इथून तिथवर दोन्ही रांगा बसलेल्या, सगळ्यांचे हात वाळलेले, कुणी हलत नव्हतं.

"उठा नं," सर म्हणाले. "काहून बसून राहिले?"

कुणी उठलं नाही. समोरच्या रांगेत ते मोठे साहेब होते, सरांनी शिट्टी वाजवून खाली बसवलेले. ते म्हणाले, तुमचं होऊ द्या सर.

सरांनी खाली मान घातली आणि खायला लागले. घाई केली नाही. शेवटचं वरण बोटांनी गोळा केलं, चाटलं, पत्रावळ पुसून काढली. मग शिट्टीकडं त्यांचा उजवा हात गेला, छातीच्या अलीकडंच थांबला. त्यांनी डाव्या हातानं शिट्टी उचलली, तशीच, खरकट्या हातानं, आणि तोंडात धरली.

तुपानं बुळबुळीत झालेली शिट्टी. आवाज धड निघाला नाही, नुसती हवा निघाली. पण अख्खी पंगत एकदम उठली.